गंज चढतो तो पाणी ओसरल्यावर

पुरात सापडलेली जुनी गाडी टोचन लावून गॅरेजात येते, तेव्हा मालक, शेजारी, विम्याचा सर्व्हेअर सगळे एकच विचारतात: पाणी कुठवर चढलं होतं? सीटपर्यंत, स्टिअरिंगपर्यंत की टपापर्यंत? प्रश्न चुकीचा नाही, पण जुन्या गाड्या उघडण्याच्या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर मला तो दुय्यम वाटतो. पाणी उतरून किती दिवस झाले आणि मधल्या दिवसांत गाडीला कोणी काय केलं, हे मी आधी विचारतो. टपावरून पाणी गेलेली पण दुसऱ्याच दिवशी उघडलेली प्रीमियर पद्मिनी पुन्हा रस्त्यावर येते. जेमतेम फ्लोअरपर्यंत भिजलेली आणि तीन आठवडे कव्हरखाली झाकून ठेवलेली पद्मिनी बऱ्याचदा तळाचा सगळा पत्रा नवा मागते. जुन्या मोटारी आणि ट्रकचं जे नुकसान आपण वादळाच्या नावावर मांडतो, त्यातलं बरंचसं वादळ निघून गेल्यावरच्या पहिल्या पंधरवड्यात होतं आणि ते टाळता येण्यासारखं असतं, असं माझं म्हणणं आहे. मुंबईतली २६ जुलै २००५, रायगडावरून गेलेलं जून २०२० मधलं निसर्ग चक्रीवादळ, मे २०२१ मधलं तौक्ते आणि त्यानंतर दोन महिन्यांनी बुडालेलं चिपळूण, या चार प्रसंगांनंतर गॅरेजवाल्यांच्या हाताखालून जे लोखंड गेलं, त्यावरून हे मत बनलेलं आहे.

याचं मूळ साध्या रसायनशास्त्रात आहे. गंज चढायला लोखंड, पाणी आणि प्राणवायू तिन्ही लागतात. लिटरभर पाण्यात विरघळलेला प्राणवायू साधारण आठ मिलिग्रॅम असतो. तेवढ्याच हवेत तो पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे साचलेल्या गोड्या पाण्यात पूर्ण बुडालेलं लोखंड गंजतं, पण सावकाश. तेच लोखंड बाहेर आलं, त्यावर पाण्याचा पातळ थर राहिला आणि वरून मुबलक हवा मिळाली, की गंजाचा वेग कितीतरी वाढतो. १९२५ सालची एक बुगाटी १९३६ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाजूने माज्जोरे तलावात बुडवली गेली आणि २००९ साली बाहेर काढली गेली. त्र्याहत्तर वर्षं पाण्यात राहूनही ती गाडी म्हणून ओळखू येत होती, आणि तिची गाळात रुतलेली, म्हणजे प्राणवायू जवळजवळ न पोचलेली बाजू मोकळ्या पाण्यातल्या बाजूपेक्षा चांगली टिकली होती. पुढच्या वर्षी पॅरिसच्या लिलावात ती तशीच, दुरुस्तीविना, अडीच लाख युरोंच्या वर गेली. कोकणात याच्या बरोबर उलट परिस्थिती असते. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की उघड्या पोलादाला गंज चढायला वेगळं पाणी लागत नाही, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती बहुतेक वेळ ऐंशीच्या वरच असते. निसर्ग ३ जूनला आलं, चिपळूण २२ जुलैला बुडालं. पाणी एका-दोन दिवसांत उतरलं, पण पुढे गाडी वाळायला कोरडी हवा मिळाली ती थेट ऑक्टोबरात. परदेशी पुस्तकांत भिजलेली गाडी उन्हात उघडी ठेवा असं लिहिलेलं असतं. चिपळूणच्या ऑगस्टमध्ये ते ऊन आणायचं कुठून?

नव्या गाड्यांना हा नियम तसाच लावता येत नाही, हे मान्य केलं पाहिजे. आजच्या मोटारीत पाणी डॅशबोर्डपर्यंत गेलं की संगणकी नियंत्रक, एअरबॅगचे सेन्सर आणि वायरिंगचे शेकडो जोड यांचा भरवसा संपतो, आणि ते कितीही लवकर वाळवले तरी कुठला जोड सहा महिन्यांनी दगा देईल हे कोणी सांगू शकत नाही. २०१२ च्या सँडी वादळात न्यू जर्सीतल्या नेवार्क बंदरावर उभ्या असलेल्या सोळा नव्याकोऱ्या फिस्कर कर्मा गाड्या समुद्राचं पाणी ओसरल्यावर जळून गेल्या. खाऱ्या पाण्याने एका नियंत्रक भागात शॉर्ट सर्किट झालं होतं. पद्मिनीत, अँबॅसडरमध्ये किंवा विलीज जीपमध्ये जळायला असं काही नाही. डिस्ट्रिब्युटर, कॉइल, डायनॅमो, कटआऊट, सेल्फ: सगळं उघडता येतं, धुता येतं, मंद उष्णतेवर सुकवता येतं. म्हणूनच जुन्या गाडीबाबत हयगय अधिक खुपते. जी वाचूच शकत नव्हती तिच्यासाठी हळहळण्यापलीकडे काही करता येत नाही, पण ही वाचणारी होती.

मधल्या दिवसांत नेमकं काय होतं, ते सविस्तर सांगायला हवं, कारण बाहेरून काहीच दिसत नाही. रंग धुऊन निघालेला असतो, क्रोम चमकत असतं, मालक म्हणतो की गाडीला फारसं काही झालेलं नाही. आत इंजिनात कुठल्या तरी एका-दोन सिलिंडरचे व्हॉल्व्ह उघडे राहिलेले असतात. कार्बोरेटरमधून किंवा सायलेन्सरमधून चढलेलं पाणी त्यातून पिस्टनवर जाऊन बसतं. अशा वेळी चावी फिरवून पाहणं हा सगळ्यात महागडा प्रयोग. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. ही एक चूक टाळली, तरी आठ-दहा दिवसांत पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजाने धरून बसतात, आणि मग हॅण्डल मारून इंजिन फिरत नाही. पहिल्या दिवशी करायचं काम किती, तर बॅटरीची टर्मिनलं काढायची, प्लग खोलायचे, चेंबरचा नट सैल करायचा. पाणी ऑइलपेक्षा जड म्हणून तळाशी बसलेलं असतं, ते आधी बाहेर येतं आणि मागून दुधाळ ऑइल. मग प्लगच्या भोकांतून थोडं डिझेल आणि ऑइल सोडून इंजिन हाताने फिरवायचं. बॅटरी आधी काढायची, कारण ओल्या वायरिंगमध्ये करंट राहिला तर तांब्याची टोकं हिरवी पडून झडतात. पाण्यापेक्षा त्या करंटनेच जास्त वाट लागते. गिअरबॉक्स आणि क्राऊन यांचंही ऑइल असंच सोडायचं. हँडब्रेक ओढून ठेवलेला असेल तर सोडायचा, नाही तर ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात आणि पुढे गाडी ढकलायलाही चार माणसं पुरत नाहीत.

यांत्रिक भाग मात्र शेवटी बदलता येतात. कुर्ल्याच्या भंगारात पद्मिनीचं इंजिन अजून शोधून सापडतं. गाडी बनलीही कुर्ल्यातच होती. खरा प्रश्न पत्र्याचा आहे. पद्मिनीला आणि अँबॅसडरला वेगळी चॅसी नाही, बॉडी हीच चॅसी. दरवाजाखाली जी पोकळ पेटीसारखी पट्टी असते, तिच्यावर गाडीचा ताठपणा अवलंबून असतो. तिच्या तळाला पाणी गळून जायला बारीक भोकं असतात, आणि नदीचा गाळ पहिल्यांदा बुजवतो ती तीच. चिपळूणच्या वाशिष्ठी नदीचा गाळ पिठासारखा बारीक, तो पेटीत शिरतो आणि वाळला की घट्ट बसतो. मग पुढचे कित्येक महिने तो ओलावा धरून पत्र्याला आतून खात राहतो. गाळ ओला आहे तोवर साध्या पाण्याच्या पाइपने तो निघतो. आठवड्याने निघत नाही, आणि महिन्याने तो काढायला पेटी कापावी लागते. पूर आलेल्या गावात नळाला पाणी नसतं आणि वीज नसते, त्यामुळे कॉम्प्रेसर आणि ब्लोअर बंद पडलेले असतात, हे खरंच आहे. पण पाऊस असतो. दरवाजे उघडून, कार्पेट आणि सीट बाहेर काढून, भोकं तारेने मोकळी करून गाडी तिरपी उभी केली आणि पन्हळीचं पाणी बादलीने आत सोडलं, तरी गाळाचा मोठा भाग जातो. लोक याच्या उलट करतात. आणखी भिजू नये म्हणून प्लॅस्टिकचं कव्हर किंवा ताडपत्री घालतात, आणि आतल्या वाफेने गाडी उकडत ठेवतात. वाऱ्याने फडफडणारं कव्हर कणकण वाळूने रंग घासतं तो भाग वेगळाच. विलीज जीप यात सुदैवी. तिचा तळ उघडा, चॅसी वेगळी, झाकलेले कोपरे कमी, आणि तिला कोणी फारसं जपतही नाही. न जपल्यानेच ती वाचते!

इथे एक सावधगिरी सांगायला हवी, नाही तर माझा मुद्दा ‘सगळं लगेच वाळवा’ असा ऐकू जाईल. युद्धापूर्वीच्या बऱ्याच गाड्यांची बॉडी लाकडी सांगाड्यावर ठोकलेली असते. ते लाकूड पाणी पिऊन फुगतं, सरसाचे जोड सुटतात. घाईने त्याला हॅलोजनची किंवा हीटरची ऊब दिली, तर वरचा थर आकसतो, आतला ओला राहतो आणि लाकूड तडकतं. चामड्याच्या सीटचंही तेच. कडक उन्हात टाकलेलं भिजकं चामडं पापडासारखं होऊन मोडतं. लाकूड सावलीत, वाऱ्यावर, काही आठवडे घेऊन वाळवायचं. जोड सुटू नयेत म्हणून दोरीने किंवा क्लॅम्पने बांधून ठेवायचं. चामडं आधी गोड्या पाण्याने पुसायचं, आतला काथ्या किंवा केस भरलेला असेल तो काढून टाकायचा, आणि सावलीतच ठेवायचं. म्हणजे एकाच गाडीत लोखंडाला घाई आणि लाकडाला सबुरी, दोन्ही एकदम सांभाळायचं असतं. ते गाडी सुटी केल्याशिवाय जमत नाही, आणि सुटी करायचा निर्णय मालक पंधरा दिवस पुढे ढकलतो. त्या ढकलण्यालाच मी नुकसान म्हणतो.

ट्रकच्या बाबतीत हे आणखी ठळकपणे दिसतं. जुने टाटा-मर्सिडीज, त्याआधीचे प्रीमियरने जोडलेले डॉज आणि फार्गो उंच असतात. ज्या पाण्यात मोटार बुडते त्यात ट्रकचे हब आणि मागचा क्राऊन तेवढा भिजतो. केबिन कोरडी, इंजिन कोरडं. डिझेल इंजिन असल्याने वायरिंगचीही मिजास नाही. ड्रायव्हर सेल्फ मारतो, गाडी उठते, आणि काही झालं नाही म्हणून ती पुन्हा भाड्याला लागते. हबमध्ये मात्र ग्रीसमध्ये पाणी मिसळलेलं असतं, आणि क्राऊनच्या ब्रीदरमधून आत गेलेलं पाणी ऑइलखाली बसलेलं असतं. काही महिन्यांनी बेअरिंग आवाज करायला लागतं, दात खातात, हाउसिंग निकामी होतं. तोवर पूर कोणाच्या लक्षातही नसतो. बिघाडाचं खापर रस्त्यावर, मालाच्या वजनावर किंवा ड्रायव्हरवर फुटतं. कमी भिजलेल्या गाडीला कोणी उघडत नाही, म्हणून कधीकधी जास्त भिजलेल्या गाडीपेक्षा तिचाच शेवट वाईट होतो. जुने ट्रक आपल्याकडे इतके कमी का उरले, याचं मोठं कारण ते मरेपर्यंत राबवले गेले हे आहेच. पण न उघडलेल्या हबांनीही त्यात आपला वाटा उचलला असणार, असं मला वाटतं.

आता आक्षेप. पहिला असा की वादळ म्हणजे फक्त पाणी नव्हे. निसर्गात श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा होता, नारळ-पोफळीच्या वाड्या झोपल्या. तौक्तेत मुंबईत झाडं पडून गाड्यांचे टप बसले. ते नुकसान क्षणात होतं, त्यात पंधरवड्याचा काय संबंध? अंशतः हे खरं आहे. लाकडी सांगाड्यावर माड पडला तर तो सांगाडा गेला, आणि दुर्मीळ गाडीची वळलेली पुढची काच फुटली तर तशी दुसरी मिळायला वर्षं जातात. पण पोलादी टपाचा खोलगट भाग हा डेंटिंगवाल्यासाठी फार मोठा प्रश्न नसतो. जुना पत्रा जाड आहे, हातोडी-ठोकळ्याने उठतो. मोठं नुकसान पुढे होतं. झाड बाजूला काढताना साखळी खिडकीच्या खांबाला बांधून ओढतात आणि न वाकलेला खांब वाकवतात. काच फुटलेली गाडी पावसात तशीच उभी राहते. रंग जिथे जिथे तडकला तिथून ओल पत्र्यात शिरते. समुद्राच्या पाण्याबाबतचा आक्षेप अधिक वजनदार आहे. खाऱ्या पाण्यातला क्लोराइड गंजाच्या थराखाली जाऊन बसतो आणि पुढे कोरड्या हवेतही काम करत राहतो. तिथे पंधरवडा ही मुदत फार मोठी ठरते. चोवीस तासांत गोड्या पाण्याने भरपूर, पुन:पुन्हा धुतलं नाही तर पुढच्या कुठल्याही कामाची हमी मी देत नाही. म्हणजे या आक्षेपाने माझा मुद्दा पडत नाही. मुदत मात्र कमी होते.

दुसरा आक्षेप विम्याचा, आणि तो रोज ऐकू येतो: सर्व्हेअर येईपर्यंत गाडीला हात लावला तर क्लेम जाईल. या भीतीने जितक्या जुन्या गाड्या कुजल्या, तितक्या पाण्याने कुजल्या नसतील. विम्याच्या नेहमीच्या मोटर पॉलिसीतच एक अट छापलेली असते, की वाहनाचं नुकसान होऊ नये म्हणून विमाधारकाने वाजवी ती सगळी काळजी घ्यावी, आणि अपघातानंतर अधिक नुकसान टाळण्याचे उपाय केल्याशिवाय वाहन सोडून जाऊ नये. कंपनीला लगेच कळवावं, पाण्याची खूण, आतला गाळ, मीटर, चेंबरमधून निघालेलं ऑइल यांचे तारखेसह फोटो काढावेत, काढलेला कुठलाही भाग फेकू नये, आणि काम सुरू करावं. उलट पाणी असताना सेल्फ मारून इंजिन फोडलं, तर ते पुराचं नुकसान नाही, नंतरचं नुकसान आहे, असं म्हणून ते नाकारलं जाण्याची शक्यताच जास्त. शिवाय थांबून मिळणार काय, हेही पाहावं. दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांवर निम्मी घट धरतात, रबर आणि प्लॅस्टिकवर तर वय न पाहता निम्मी. पाच वर्षांवरच्या गाडीची विमा-किंमत दोघांनी मिळून ठरवायची असते आणि ती बहुधा हसू येईल इतकी कमी असते. दुरुस्तीचा खर्च तिच्या पंचाहत्तर टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस. ठरीव किमतीचा विमा मोटर टॅरिफने फक्त विंटेज गाड्यांना दिला, आणि तिथे विंटेज म्हणजे १९४० संपण्याआधी बनलेली. पद्मिनी, अँबॅसडर, पन्नाशीतले डॉज त्यात बसतच नाहीत. कितीतरी जुन्या गाड्यांवर तर नुसता थर्ड पार्टी विमा असतो, म्हणजे पुराचा एक रुपयाही मिळत नाही. ज्या पैशाची वाट पाहत गाडी कुजवायची, तो पैसा मुळात असा आहे.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो. घरात कमरेएवढा गाळ आहे, धान्य गेलंय, वीज नाही, अशा वेळी माणसाने गाडीचे प्लग खोलत बसायचं का? नाही. घर आधी. निसर्गानंतर रायगडच्या गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती, तिथे जुन्या मोटारीचा विचार करणं ही चैन वाटली तर नवल नाही. मी एवढंच म्हणेन, की पहिल्या दिवसाचं काम एका माणसाचं अर्ध्या दिवसाचं आहे आणि त्याला पान्ह्यांचा एक संच आणि बादली लागते, गॅरेज लागत नाही. आणि ज्याची गाडी हेच पोट होतं, त्याने हे काम कोणी न सांगता केलंच. जुलै २००५ नंतर काळ्या-पिवळ्या पद्मिनी भराभर रस्त्यावर आल्या, त्याचं कारण तेच. त्यांच्या मालकांना वाट पाहणं परवडत नव्हतं. हौसेने जपलेल्या गाड्यांना वाट पाहणं परवडलं, आणि ते त्यांना भोवलं.

उशिराची किंमत पैशातच मोजायची असती, तर हे सगळं इतकं लांबवायची गरज नव्हती. पैसे असलेला मालक नवा तळ, नव्या पेट्या, दुसरं इंजिन बसवून गाडी उभी करतोच. पण जुलै २०२१ मध्ये, चिपळूण बुडालं त्याच महिन्यात, केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांच्या वेगळ्या नोंदणीचा नियम केला. नव्या नोंदणीची फी वीस हजार, आणि अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. नियम नसता तरी जाणकार हेच पाहतात. इंजिनचा नंबर जुळतो का, तळ कारखान्यातला आहे का. पहिल्या दिवशी धुतलेली पेटी मूळचीच राहते. तिसऱ्या महिन्यात कापून नवीन जोडलेली पेटी कितीही सफाईने केली तरी नवीनच.

जे खरोखर थांबू शकतं त्याचीच घाई मात्र मालकांना असते: रंग, क्रोम, गादीचं कापड. गाडी दसऱ्याला दारात नवी दिसावी म्हणून भाद्रपदात लांबी भरून रंग मारायचा आग्रह होतो. ओल्या हवेत मारलेल्या प्रायमरखाली दमटपणा अडकतो आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच फोड येतात. पत्रा उघडा करून, धुऊन, गंज काढून, आतून मेण किंवा ऑइल फवारून गाडी तशीच ठेवावी. रंगाचा डबा दिवाळी झाल्यावर उघडावा.